गोल कितव्या मिनिटाला झाला?

गेल्या जानेवारीत आंतरशालेय मुलींच्या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी माझ्या पुतणीच्या शाळेनं सामना एका गोलनं जिंकला आणि तो गोल तिचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची आई चष्मा पुसून, पेपरची जिल्हा पुरवणी सोप्यात जमिनीवर पसरून बसली. तिला एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. फुटबॉलचे नियम तिला माहीत नाहीत, पण नातीचं नाव छापून येणार म्हणून त्या दिवशी तिनं दूध तापवायचं कामसुद्धा दुसऱ्यावर सोपवलं होतं.

बातमी होती. तीन कॉलमी फोटोसकट होती. फोटोत पुढच्या रांगेत फेटे बांधलेले अकरा पाहुणे, मधल्याच्या हातात श्रीफळ, आणि त्यांच्या खांद्यांमागून कुठे एक वेणी, कुठे जर्सीची एक बाही दिसत होती. खालच्या मजकुरात उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, अध्यक्षस्थानी कोण होतं, प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले हे सगळं क्रमानं दिलं होतं. शेवटची ओळ होती, ‘स्पर्धेला खेळाडूंचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’ कोण कुणाशी खेळलं, गोल किती झाले, कुणी केले, यातलं काही म्हणजे काही नव्हतं. आईनं ओळींवर बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “अरे, मग जिंकलं कोण?”

त्या प्रश्नापायी हा लेख लिहितो आहे. गल्लीतल्या, पेठेतल्या, शाळेच्या मैदानावरच्या खेळाची चार ओळींची खरी बातमी, म्हणजे संघ, निकाल, नावं आणि वेळ, ही रस्त्यावरच्या दिव्याइतकीच शहराच्या गरजेची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. ती छापायची थांबली की खेळाडूचं नुकसान होतं हे कुणालाही पटेल. त्याहून मोठं नुकसान मैदानाचं आणि शेजाराचं होतं, आणि ते फार उशिरा ध्यानात येतं.

हे मला कुठून सुचलं ते सांगतो. मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलो. कॉलेजात असताना तालमीच्या फुटबॉल संघात राखीव खेळाडू होतो, त्यामुळे निकाल पेपरच्या कचेरीत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सामना संपला की वहीच्या पानावर निकाल लिहायचा, सायकल मारायची आणि साडेसातच्या आत तो कागद उपसंपादकांच्या टेबलावर ठेवायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी कागद वाचला, पेन्सिलनं दोन विशेषणं खोडली आणि विचारलं, “गोल कितव्या मिनिटाला झाला?”

मला सांगता येईना.

“पास कुणी दिला?”

तेही नीट आठवेना. तिसरा प्रश्न आला, “हरलेल्यांत चांगलं कोण खेळलं?” हा तर मला कळलाच नाही. आम्ही जिंकलो होतो, आता हरलेल्यांची चौकशी कशाला? ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, “बाळ, पेपर त्यांच्याही घरी जातो.”

पुढच्या सामन्याला मी वडिलांचं एचएमटीचं घड्याळ मागून नेलं. तो सामना मी पहिल्यांदाच नीट बघितला असं आजही वाटतं. मिनिट लिहायचं म्हटल्यावर डोळा चेंडूवर ठेवावा लागतो. पास कुणाचा होता ते टिपायचं म्हटल्यावर गोल करणाऱ्याच्या मागचा पोरगा दिसायला लागतो. आणि समोरच्या संघात चांगलं कोण खेळलं हे लिहायचं ठरलं की ज्यांना आपण नव्वद मिनिटं शिव्या घालत होतो त्यांच्यातल्या एकाचं नाव, आडनाव, गल्ली शोधत त्यांच्या घोळक्यात जावं लागतं. मी गेलो. त्यांच्या गोलरक्षकाचं नाव विचारलं. त्यानं संशयानं बघितलं, “कशाला पायजे?” म्हणाला. पेपरात द्यायचंय म्हटल्यावर त्यानं नाव सांगितलं, वर वडिलांचंही नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. पुढे कित्येक वर्षं तो मला महाद्वार रोडवर भेटला की सायकलवरून हात करायचा. चार ओळींनी एवढं केलं.

कोल्हापूरच्या फुटबॉलचं बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. क्रिकेटनं सगळा देश व्यापला असताना या एका शहरात पेठापेठांत फुटबॉल कसा टिकला? कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन १९४० सालची. त्याआधी १९१२ मध्ये शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलेलं. कुस्तीच्या तालमी पेठेच्या जगण्याचं केंद्र होत्याच. त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ मैदानात उतरले. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर, उत्तरेश्वर वाघाची तालीम. ही नावं उच्चारली की इथला माणूस लगेच एक बाजू घेतो. हिवाळ्यात सीझन सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमची गॅलरी दुपारी तीनपासून भरायला लागते. अनिकेत जाधव याच मातीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला.

राजाश्रय, तालीम, पेठेची ईर्ष्या ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरी आहेत. मला त्यात एकाची भर घालायची आहे. या खेळाला रोजचा वाचक होता. काल काय झालं ते सकाळी कोल्हापूरच्या दैनिकांत तपशिलानं यायचं आणि आजही बऱ्यापैकी येतं: पूर्वार्धात कुणाची चाल, कुणाचा हेडर बारवरून गेला, कुणाला पिवळं कार्ड. चहाच्या टपरीवर तो मजकूर मोठ्यानं वाचला जायचा आणि त्यावर वाद व्हायचा. कात्रण तालमीच्या फळ्यावर डकवलं जायचं. काल सामन्याला न आलेला शिंपी, रात्रपाळीचा कामगार, घरातून बाहेर न पडणारी एखाद्या खेळाडूची आई, सगळे त्या सामन्याचे प्रेक्षक व्हायचे. मैदानावर पाच हजार असतील तर सामना पोचायचा त्याच्या कैक पट घरांत. ज्या खेळांना आणि ज्या गावांना हे भाग्य मिळालं नाही तिथे काय झालं ते आपण बघतोच आहोत. खो-खोचा विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात माझ्या ओळखीचे निम्मे लोक विचारत होते, ही मुलं इतकी वर्षं होती कुठे? ती इथंच होती. राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा खेळत होती. आपल्यापर्यंत त्यांचं नाव आलं नाही, कारण ते आणणारी ओळ कुणी छापली नाही, किंवा छापली तर आपण वाचली नाही.

छापील नावाचं मुलांच्या मनात काय वजन असतं याची दोन उदाहरणं सगळ्यांना परिचित असलेल्या माणसांची देतो. सचिन तेंडुलकरनं स्वतः सांगितलेली आठवण आहे. शालेय सामन्यात तीस धावा केल्या तरच पेपरात नाव यायचं, अशी तेव्हाची पद्धत. त्याच्या झाल्या होत्या चोवीस. स्कोअररनं अवांतर धावांतल्या सहा त्याच्या नावावर टाकल्या आणि नाव छापून आलं. आचरेकर सर त्याला रागावले. ही गोष्ट सांगताना लोक प्रामाणिकपणाचा धडा सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू दिसते: मुंबईत शाळकरी पोरांच्या सामन्याचे धावफलक रोज छापले जात होते, त्याला तिसाचा उंबरठा होता आणि तो उंबरठा ओलांडण्यासाठी शेकडो पोरं उन्हात घाम गाळत होती. दुसरं उदाहरण आमच्या शेजारच्या सांगलीचं. स्मृती मानधनाचा भाऊ क्रिकेट खेळायचा, त्याचं नाव पेपरात यायचं, घरात ती कात्रणं जपली जायची आणि ती बघून आपल्याही धावा अशा छापून याव्यात असं तिला वाटायचं, हे तिनं मुलाखतीत सांगितलं आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा मला त्या कात्रणांची फार आठवण झाली.

आता त्या जागी काय छापलं जातं ते आईनं वाचलेल्या बातमीत आलंच. ती एकच बातमी तशी असती तर मी गप्प बसलो असतो. त्यानंतर मी महिनाभर पुरवणी जपून ठेवली आणि शाळा-गल्लीतल्या खेळांच्या बातम्यांवर पेन्सिलनं खुणा केल्या. एकूण सव्वीस बातम्या आल्या. त्यांतल्या सतरांत पाहुण्यांची नावं होती आणि निकाल नव्हता. हे काही संशोधन नव्हे, एका वाचकानं एका पेपरचं एका महिन्याचं केलेलं वाचन आहे. पण कुणीही आपापल्या गावात करून बघावं.

असं का होतं हे मी ओळखीच्या वार्ताहरांना विचारलं आणि त्यांच्याबद्दल राग धरायचं मला काही कारण दिसलं नाही. मैदानावर पाठवायला माणूस नाही. २०२० च्या टाळेबंदीत पानं कमी झाली, माणसं कमी झाली, ती पुरती परत आली नाहीत. उपनगरातल्या आणि तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन नावापुरतं आणि डोक्यावर जाहिराती आणायचं उद्दिष्ट. आयोजकांकडून प्रेस नोट येते, ती उद्घाटनाच्या दिवशी, बहुतेकदा सामना सुरू व्हायच्या आधीच टाइप झालेली. त्यात निकाल असणार कसा? ज्यांची नावं त्या नोटेत आहेत त्यांच्याकडूनच पुढे वाढदिवसाची जाहिरात यायची असते. म्हणून अकरा नावं छापली जातात आणि बारावं, गोल करणाऱ्या मुलीचं, राहून जातं. प्रत्येक जण आपल्या जागी अडकलेला आहे हे मला मान्य आहे. पण म्हणून जे छापलं जातंय ती बातमी आहे असं मी मान्य करणार नाही. खेळाच्या बातमीत निकाल नसणं म्हणजे बारशाच्या बातमीत बाळाचं नाव नसणं.

इथे तरुण मंडळी मला थांबवतात. काका, पेपर कोण वाचतं आता? आमच्या ग्रुपवर सामना चालू असतानाच गोल कळतो. टेनिस बॉलच्या स्पर्धा तर यूट्यूबवर थेट दिसतात, कॉमेंट्रीसकट, रिप्लेसकट. खरं आहे, आणि मला त्याचं कौतुकही आहे. आमच्याकडच्या एका चषकाचं प्रक्षेपण मी रात्री बारापर्यंत बघितलं आहे. कॉमेंट्री करणारा पोरगा खेड्यातला, अस्सल, प्रत्येक बॅट्समनला त्याच्या गावासकट ओळखणारा. पेपरनं टाकून दिलेलं काम या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर उचललं आहे.

तरीही ग्रुपवरची बातमी आणि पेपरातली बातमी एक नव्हे. ग्रुप आपल्या लोकांचा असतो. तिथे आपला गोल येतो, फटाक्यांच्या चित्रांसह येतो; समोरच्याचा गोल येत नाही, आणि आला तर पंचांना शिव्या घालत येतो. माझ्या पुतणीच्या शाळेचा ग्रुप आणि तिच्याविरुद्ध हरलेल्या शाळेचा ग्रुप हे दोन वेगळे देश आहेत. ‘पेपर त्यांच्याही घरी जातो’ हे भान तिथे कुणाला ठेवावं लागत नाही. पेठांमधली ईर्ष्या पूर्वीही होती, मारामाऱ्या पूर्वीही होत होत्या, जुन्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायची माझी इच्छा नाही. पण दोन्ही पेठा सकाळी एकच मजकूर वाचत होत्या. त्यात दोघांचीही नावं होती. आज रात्रभर दोन ग्रुपवर दोन वेगळे सामने खेळले जातात आणि पुढच्या सामन्याला पोरं ते डोक्यात घेऊन गॅलरीत येतात.

मग हुल्लडबाजी होते आणि ती मात्र पहिल्या पानावर येते. सामना आत, दगड बाहेर. जो माणूस फुटबॉल बघत नाही त्याच्यापर्यंत फुटबॉलची फक्त तेवढीच बातमी पोचते. मग त्याला हा खेळ म्हणजे बंदोबस्ताचा विषय वाटतो. तो आपल्या मुलीला मैदानावर पाठवत नाही आणि मैदानावर उद्या दुसरं काही बांधायचं ठरलं तर त्याला वाईटही वाटत नाही. आता मैदानाकडेच येतो. मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची आहे.

लग्नानंतर आम्ही उपनगरात राहायला आलो. घरापासून पाच मिनिटांवर एक मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी आरक्षित. पावसाळ्यात गुडघाभर गवत, दिवाळीनंतर पोरं ते स्वतः कापतात, चुना मारतात, दगडांचे गोल करतात. संध्याकाळी एका कोपऱ्यात कबड्डी, मध्ये फुटबॉल आणि कडेच्या कट्ट्यावर निवृत्त मंडळी. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या काही भागाचं आरक्षण बदलायचा प्रस्ताव निघाला. कायद्यानं हे गुपचूप करता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७: आराखड्यात फेरबदल करायचा तर नोटीस प्रसिद्ध करायची, लोकांना हरकती आणि सूचनांसाठी एक महिना द्यायचा, मग सुनावणी. नोटीस प्रसिद्ध झाली होती, आणि पेपरातच. निविदांच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा. तिथे ‘मैदान’ हा शब्द होता, पण आमच्यापैकी कुणालाही सर्व्हे नंबरावरून आपलं मैदान ओळखता येत नव्हतं. एका निवृत्त तलाठ्यानं ते ओळखलं तेव्हा नऊ दिवस उरले होते.

आम्ही हरकती दिल्या. सुनावणीला बावीस जण गेलो. समोरच्या अधिकाऱ्यानं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “इथे नियमित खेळ चालतो, याचा काही पुरावा?”

आमच्याकडे मोबाइलमधले फोटो होते, शेकड्यानं. पण चेंडूमागे धावणारी मुलं आणि मागे आभाळ, यावरून जागा कोणती, साल कोणतं, हे कसं ठरणार? मग आमच्यातल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी पिशवीतून फाईल काढली. त्यात पिवळी पडलेली कात्रणं होती, बोटाच्या पेराएवढी. ‘येथील मैदानावर रविवारी झालेल्या कबड्डी सामन्यात...’ खाली दोन्ही मंडळांची नावं, गुण, चढाईपटूंची नावं. वर सरांच्या अक्षरात तारीख. सगळ्यांत जुनं १९९४ चं, सगळ्यांत अलीकडचं २०१३ चं. एकोणीस वर्षं या जागेवर खेळ चालला, हे त्या कागदांनी सांगितलं. अधिकाऱ्यानं ती फाईल हातात घेऊन पानं उलटली, झेरॉक्स मागितली. आणि मग साहजिकच विचारलं, “२०१३ नंतर?”

२०१३ नंतर खेळ वाढला होता. मुली खेळायला लागल्या होत्या. पण निकालाची एक ओळ छापलेली नव्हती. स्पर्धांच्या बातम्या होत्या, त्यात पाहुणे होते, आणि ‘येथील मैदान’ म्हणजे कोणतं तेही धड नव्हतं. त्या प्रकरणाचा निर्णय अजून व्हायचा आहे.

या काळात महापालिकेत आमच्या बाजूनं उभं राहायला नगरसेवकही नव्हता. कोल्हापूर महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, मुंबई-पुण्याची २०२२ च्या मार्चमध्ये, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. वॉर्डातली गोष्ट सभागृहात मांडणारं कुणी नसताना ती चारचौघांत मांडायला जागा उरते ती पेपरची. नेमक्या त्याच काळात पेपरचं वॉर्डाचं पान आक्रसलं. मैदानं एका दिवसात जात नाहीत. जिथे आरक्षित जमीन मूळ मालकाकडेच आहे आणि महापालिकेनं ती दहा वर्षांत घेतलेली नाही, तिथे मालक कलम १२७ खाली नोटीस देतो आणि ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. कुणी खेळाडू रडत नाही, कुणी गेट बंद करत नाही. एक तारीख उलटून जाते, एवढंच. अशा तारखांवर नजर ठेवायची तर त्या जागेची आठवण वर्षभर, दर आठवड्याला, लोकांसमोर राहावी लागते. ‘अमक्या मैदानावर तमक्यांनी तमक्यांना २–१ असं हरवलं’ ही ओळ ते काम कुणाच्या नकळत करत असते.

कल्याणच्या प्रणव धनावडेचं उदाहरण यासाठी माझ्या मनातून जात नाही. २०१६ च्या जानेवारीत त्यानं शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्यानं मोडलेला विक्रम १८९९ चा होता, इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या नाबाद ६२८ धावांचा, तोही शाळेतल्या शाळेत दोन गटांत झालेल्या सामन्यातला. तो काही मोठा सामना नव्हता. पण कुणीतरी वहीत धावा मांडत बसलं होतं, त्या छापल्या गेल्या, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनंतर कल्याणच्या रिक्षाचालकाच्या मुलाला कळलं की आपण काय करून दाखवलं आहे. प्रणवच्या घरी तेव्हा देशभरचे कॅमेरे आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कल्याणच्या सुभाष मैदानावर मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी हेलिपॅड करण्याला त्यानं हरकत घेतली आणि पोलिसांनी त्याला पोलीस ठाण्यात नेल्याची बातमी आली. मोठी बातमी झाली, कारण तो प्रणव होता. ज्या मुलांची नावं कुणाला माहीत नाहीत त्यांच्या मैदानावर सभा, मंडप, प्रदर्शनं, पार्किंग होतच असतं. सभा संपल्यावर पुढचा महिनाभर पोरं खिळे आणि बांबूंचे खड्डे वेचत असतात. ते कुणी लिहीत नाही.

टर्फचं एका वाक्यात सांगतो. आमच्या भागात तासाला हजार रुपये मोजून हिरव्या गालिच्यावर खेळता येतं, ज्यांना परवडतं ते खेळतात, आणि त्यामुळे मोकळ्या मैदानाची गरज संपली असं बोलणारे सुशिक्षित लोक मला रोज भेटतात.

तेव्हा माझं मागणं काय? संपादकांकडे हात जोडून एकच मागतो: निकाल नसलेली खेळाची प्रेस नोट छापू नका. परत पाठवा. उपसंपादकानं एक फोन करून ‘गोल कितव्या मिनिटाला झाला’ विचारलं की पुढच्या वेळी आयोजक आपणहून लिहून आणतात, हे मी अनुभवानं सांगतो. पाहुण्यांची नावं जरूर द्या, त्यांनी मदत केलेली असते, पण निकालाच्या खाली द्या, आणि मैदानाचं पूर्ण नाव द्या. एवढ्याला एकही पान वाढवावं लागत नाही, जागा तीच आहे. शाळांनी आणि मंडळांनी दर संघात एका मुलाला किंवा मुलीला निकाल लिहायचं काम नेमून द्यावं, राखीव खेळाडूला दिलं तर फारच चांगलं. तो बाकावर बसून सामना बघायला शिकेल. ही पोरं यूट्यूबवर कॉमेंट्री करू शकतात तर चार ओळी शुद्ध लिहू शकतील. आणि आपण वाचकांनी, आपल्या गल्लीचा निकाल छापून आला नाही तर कचेरीत फोन करावा. पाणी आलं नाही की आपण करतोच ना? वाचकांना याची गरज आहे हे तिथे कळल्याशिवाय त्यांनी तरी काय म्हणून बदलावं?

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. पुतणीच्या संघाचे निकाल आता ती स्वतः लिहून पाठवते. आतापर्यंत सात पाठवले, चार छापून आले, एकात शाळेचं नाव चुकलं. आईनं चारही कापून औषधांच्या डब्यात ठेवले आहेत. निवृत्त सरांच्या फाईलमध्येही त्यांच्या झेरॉक्स गेल्या आहेत, २०१३ नंतरच्या पहिल्या.

मागच्या रविवारी पुतणीचा संघ आमच्याच उपनगरातल्या मैदानावर १–२ असा हरला. संध्याकाळी तिनं मला मजकूर नजरेखालून घालायला पाठवला. समोरच्या संघाच्या ज्या मुलीनं दोन्ही गोल केले तिचं पूर्ण नाव होतं, १७ वं आणि ५२ वं मिनिट होतं, आपल्या गोलरक्षकानं अडवलेली पेनल्टी होती, मैदानाचं पूर्ण नाव होतं. आपला एकमेव गोल कुणी केला ते तिनं लिहिलं होतं, पण कितव्या मिनिटाला केला ते लिहायचं राहिलं होतं. मी लगेच फोन लावला.

“अगं, गोल कितव्या मिनिटाला झाला?”

“माझाच होता काका. मी पळत होते, घड्याळ कुठं बघणार?”

“मग बाकावर कोण होतं?”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “थांबा, तिला विचारून सांगते.”